मातीची पिशवी परत मिळण्याबाबत

विषय : अर्जासोबत जोडलेली मातीची पिशवी (नग एक) परत मिळण्याबाबत.
संदर्भ : चांदे येथील तुकाबाई यांचे दोन अर्ज, दि. १२ जानेवारी २००९ व दि. १७ मे २०१०.

उपरोक्त विषयातली पिशवी म्हणजे मी. नेमके सांगायचे तर पिशवी प्लॅस्टिकची, आत माती, आणि त्या मातीतली बुरशी ती मी. बुरशी म्हटले की लोकांना लोणच्याची बरणी आठवते आणि ते नाक मुरडतात. त्या घराण्याशी माझे नाते नाही. मी पिकाच्या मुळांवर राहते. मुळे पोचत नाहीत तिथवर माझे केसाहून बारीक धागे जातात, तिथला ओलावा आणि स्फुरद पिकाला आणून देतात. पीक मला बदल्यात थोडी साखर देते. या व्यवहारात आजवर कुणी कुणाकडे पावती मागितलेली नाही.

बोलण्याला कचेरीचा वास येत असेल तर माफ करा. आयुष्याचा बराच भाग मी कपाटावर काढला आहे.

माझा जन्म २००१ साली पुण्यात एका प्रयोगशाळेत, मक्याच्या कुंडीत झाला. मका वाढला, मी वाढले, मग मक्याला कापून टाकले आणि मला मुळांच्या तुकड्यांसकट वाळवून पुडीत भरले. पुडीवर एका हसऱ्या शेतकऱ्याचे चित्र होते. यष्टीच्या टपावरून मी पौडला उतरले आणि एका कचेरीच्या गोदामात गेले. कोणत्या कचेरीच्या ते सांगत नाही. ज्याला त्याला आपलीच वाटेल. तिथे एक वर्षभर माझा उपयोग दार वाऱ्याने आपटू नये म्हणून झाला. विठ्ठलराव नावाचे कारकून दार उघडताना मला पायाने सरकवत, लावताना पायानेच आणत. माणूस वाईट नव्हता. पायात चप्पल असे.

२००२ च्या उन्हाळ्यात वाटपाची तारीख जवळ आली आणि माझी आठवण झाली. शैलेश नावाचा तरुण कृषी सहायक मला चांद्याला तुकाबाईंच्या हलक्या, वरकस तुकड्यावर घेऊन गेला. तुकाबाईंच्या दारात सात शेळ्या, शेतात नाचणी आणि तोंडात चिमूटभर मिश्री. शैलेशने कागद वाचून दाखवला : "पेरणीपूर्वी वाफ्यावर पसरावे." बाईंनी पसरले, शैलेशने फोटो काढला आणि तो गेला.

मुळशी तालुक्यात पेरणीपूर्वी वाफ्याचे काय करतात हे लातूरकडच्या शैलेशला ठाऊक नव्हते, आणि कागद लिहिणाऱ्यालाही नसावे. तुकाबाईंनी माझ्यावर शेण घातले, झाडाचे टहाळ घातले, वाळला पातेरा घातला, आणि रीतीप्रमाणे काडी ओढली. असा भाजलेला वाफा म्हणजे राब. तो चांगला भाजला गेला. त्यात मीही.

ऑगस्टमध्ये शैलेश पाहणीला आला.

"मावशी, पावडर टाकली होती ना?"

"टाकली की. आन् वर राब बी भाजला चांगला."

"भाजला?"

"मग? न भाजता राब हुतो व्हय? तुमच्या लातुराकडं काय कच्चाच खात्यात?"

शैलेश बांधावर बसला. त्याला बसलेला पाहून बाईंना दया आली असावी. त्यांनी त्याला हाताला धरून वाफ्याच्या कडेला नेले. पसरताना चार मुठी बाहेर सांडल्या होत्या, तिथवर जाळ पोचला नव्हता. त्या कडेला उगवलेली नाचणीची रोपे लावणीसाठी उपटायची राहून गेली होती.

"ही रोपं बघा. पंधरा दीस पावसानं दडी मारली, बाकीच्यांनी माना टाकल्या. ह्यांनी न्हाई टाकल्या. राखंत काय न्हाई साहेब, जे हाय ते हितं कडंला हाय."

शैलेशने अहवालात 'प्रात्यक्षिक यशस्वी' असे लिहून पसरतानाचा फोटो जोडला. पुढच्या वर्षी त्याची बदली झाली. त्यानंतर माझ्याकडे सरकारातले कुणी फिरकले नाही, आणि माझे बरे दिवस सुरू झाले.

तुकाबाईंनी कागद न वाचता एक गोष्ट ओळखली होती. दर वर्षी राब भाजून निवला की त्या कडेची टोपलीभर माती आणून वाफ्यात मिसळत. "इरजन लावतेय," असे शेजारणीला सांगत. एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात, रोपांच्या मुळांना धरून सगळ्या तुकड्यात, शेळ्यांच्या खुरांना चिकटून बांधापलीकडे, अशी सहा वर्षांत मी पसरले. मला कुणी विचारत नव्हते. विचारले नाही की काम नीट होते.

२००८ च्या डिसेंबरात तो तुकडा रस्त्याच्या कामाला गेला. बाईंकडे उरला डोंगराच्या अंगचा एक मुरमाड तुकडा. त्यात नाचणी बोटभर वाढे आणि पिवळी पडे. तिथे माझे विरजण लागले असते. पण गेलेल्या जमिनीवर ठेकेदाराने राखणदार बसवला होता, आणि तो होता बाईंचाच मुलगा जालिंदर. खाकी शर्ट, शिट्टी, प्लॅस्टिकची खुर्ची. बाई टोपली घेऊन आल्या तसा तो उठून उभा राहिला.

"आये, टोपली उचललीस तर पयलं मला काढत्याल."

"माझी माती माझ्यापासनं राखतोयस व्हय रं?"

"माती त्यांची, शिट्टी त्यांची. माझं निस्तं बूड हाय खुर्चीवर. तू रीतसर कागुद कर ना."

बाई रिकामी टोपली घेऊन परतल्या आणि रीतसर कागद केला. काम सुरू होण्यापूर्वी वरची वीतभर माती उचलू द्यावी, एवढीच मागणी. गोदामवाल्या त्याच कचेरीत विठ्ठलरावांनी अर्ज दोनदा वाचला.

"मावशी, माती माती म्हणता, पण कुठली माती? नमुना जोडा."

जालिंदरने पाठ फिरवून एक पिशवी भरू दिली. विठ्ठलरावांनी पिशवीच्या गळ्याला दाभणाने भोक पाडले, फायलीची दोरी ओवली आणि मला अर्जाला बांधले. त्या भोकातून हवा येते. कचेरीने माझ्यासाठी आजवर केलेली एवढीच गोष्ट.

पुढे प्रश्न निघाला तो मातीच्या जातीचा. "जमिनीत आहे तोवर ती जमीन," विठ्ठलराव समजावत, "आणि जमीन तर गेली. टोपलीत आली की ती गौण खनिज. त्याचं टेबल वेगळं." दोन्ही टेबलांमध्ये नऊ पावलांचे अंतर आहे. फाईल ते वर्षभर चालत होती, आणि मी तिच्या गळ्यात; मुक्काम बहुतेक कपाटावर. दर महिन्याला बाई येत, बाकावर बसत, वर माझ्याकडे बघत, आणि यष्टी चुकू नये म्हणून उठत. विठ्ठलराव खिडकीतल्या मनीप्लांटला रोज पाणी घालत. पाण्याचा तांब्या माझ्या समोरून जाई.

२०१० च्या फेब्रुवारीत बाई आल्या त्या बसल्याच नाहीत.

"भाऊसाहेब, खरवडली. दोन दिसात समदी. भरावाला नेली कुटंतरी."

विठ्ठलरावांनी चष्मा काढला. "मग आता... अर्ज मागे घेता?"

"ती पिशवी द्या."

"ती फायलीचा भाग झाली, मावशी. अर्ज निकाली निघाल्याशिवाय देता येत नाही."

"मग काढा निकाली."

"स्थळपाहणीशिवाय कसा काढू?"

"माती न्हाई तितं काय पाहनार?"

"नाही, हेच पाहून लिहावं लागतं."

मे महिन्यात दुसरा अर्ज द्यायला जालिंदरही आला. अंगात साधा शर्ट होता. राखायला काही उरले नाही म्हणून ठेकेदाराने त्यालाही घरी पाठवले होते. तो कपाटाकडे बघत म्हणाला, "आये, तवाच एक टोपली उचलू द्याया पायजे हुती."

"गप. तोंडात शिट्टी हुती तुझ्या." मग बाईंनी विठ्ठलरावांसमोर दोन्ही हात जोडून ओंजळ केली. "येवढीच पुरंल, भाऊसाहेब. लई न्हाई लागत इरजनाला."

विठ्ठलरावांनी ओंजळीकडे पाहिले. मग त्यांनी अर्ज घेतला आणि पोच दिली.

आज मे महिन्याची एकोणतीस तारीख. पिशवीत नाचणीच्या मुळांचे सात-आठ तुकडे शिल्लक आहेत आणि त्यांत मी आहे. दमले आहे. सतरा महिन्यांत एकही जिवंत मूळ भेटलेले नाही. यंदाचा पावसाळा कसाबसा काढेन. पुढच्याचे मी लिहून देऊ शकत नाही. मुरमाड तुकड्यावर तुकाबाईंनी राब भाजला आहे आणि तो निवला आहे, असे जालिंदर काल विचारपूस करायला आला तेव्हा सांगत होता.

पहिला अर्ज स्थळपाहणीसाठी प्रलंबित आहे. दुसरा अर्ज पहिल्याच्या निर्णयाच्या अधीन राहून प्रलंबित आहे. पिशवी अर्जाला जोडलेली आहे.