खुंटीवरून खुर्चीवर

मित्रांनो, मी एक जुना कोट आहे, रेनडिअरच्या कातड्याचा. माझ्या खांद्यांना टक्कल पडले आहे, डावी बगल उसवली आहे आणि मी शेगडीजवळच्या खुर्चीवर बसून असतो. बसून असतो म्हणजे मला बसवून ठेवले आहे. असा कोट शेगडीजवळ पाहिला, तर आमच्या ग्रीनलंडमधले कुणीही कपाळावर हात मारून घेईल. का, तेच सांगतो.

मला इनालुकने शिवले. तिचा नवरा ओदाक हा शिकारी. दिवसभर बर्फावर उभे राहायचे, तर अंगावर काय आहे त्यावर जीव अवलंबून. म्हणून कातडे निवडताना ती कुणाचे ऐकत नसे. उन्हाळ्यातले कातडे पातळ, ऐन हिवाळ्यातले फार जड. तिला हवे असे त्या दोहोंच्या मधल्या दिवसांत मारलेल्या जनावराचे. केसांवर फुंकर घालून, खाली किड्यांनी पाडलेली भोके तर नाहीत ना, हे ती पाही. मग खरवडणे, कडा दातांनी चावून मऊ करणे, आणि इतके बारीक टाके, की वाऱ्याने डोके आपटून परत जावे. आमचे केस आतून पोकळ असतात. त्यांत हवा कोंडून राहते आणि तीच ऊब धरते. एकच खोड वाईट. ते गळतात. शिवण चालू असेपर्यंत चहात केस, अंथरुणात केस, सीलच्या रश्श्यात केस.

"काय गं, रस्सा केलायस की कोटच उकळलायस?" ओदाक विचारी.

"गुमान गीळ. आतूनही ऊब लागेल," असे म्हणून इनालुक त्याच्या वाडग्यातला केस बोटाने उचली आणि त्याच्याच बाहीला पुसे. मग दोघेही हसत सुटत.

मी तयार झालो त्याच दिवशी तिने मला पडवीत खुंटीला टांगले.

"नीट ऐक," ती ओदाकला म्हणाली, "हा घरात आणायचा नाही. उबेत राहिला की कातडं कडक होतं, केस झडतात. आणलास तर याच्या जागी तुला टांगीन."

झाले. त्या दिवसापासून पडवी हेच माझे घर. सोबतीला कुत्र्यांचे पट्टे आणि भाल्याचे दांडे, आणि त्यांना बोलायची सवय नाही. दिवसभर मी ओदाकच्या पाठीला बिलगून असे. सील श्वास घ्यायला बर्फातल्या ज्या भोकाशी वर येतो, तिथे आम्ही दोघे दगडासारखे उभे राहायचो. मी हूं की चूं करत नसे, कारण जरा कुठे सळसळ झाली की सील पसार. संध्याकाळी परतल्यावर ओदाक हाडाच्या काठीने माझ्यावर गोठलेले दव झटकी, मला खुंटीला अडकवी आणि आत जाई. दार उघडले की कॉफीचा वास येई, उजेडाची एक पट्टी माझ्यावर पडे, आणि दार बंद होई. मग आतले हसणे तेवढे ऐकायचे. मला फार एकटे वाटे. ज्याला मी ऊब देतो त्याच्या घरची ऊब मला मुळीच चालू नये, याचा मला रागही येई.

कौतुक मात्र पुष्कळ झाले. दुकानात गेलो की माणसे माझे टाके बोटांनी चाचपून पाहत. शेजारचा मासाउना तर म्हणे, "ओदाक, तू नुसता आत उभा राहतोस. शिकार हा कोटच करतो!"

पुढे इनालुक आजारी पडली. हेलिकॉप्टर आले आणि तिला मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. ती परत आली ती पेटीत.

त्यानंतर माझी बगल उसवली. ओदाकने दात साफ करायच्या मजबूत दोऱ्याने ती शिवली. टाके असे पडले की इनालुकने पाहिले असते तर आठवडाभर चिडवले असते. चिडवायला कुणी नव्हते आणि शिवण पुन्हा उसवली. मग मुलगी पिपालुक राजधानीहून आली, ती पिसे भरलेले नारिंगी जाकीट घेऊनच.

"बाबा, आता हे घालायचं. उणे चाळीसलाही काही होत नाही. इतके खिसे आहेत बघ. आणि मुख्य म्हणजे केस गळत नाहीत."

"सील काय माझे खिसे मोजणार आहेत?"

"थट्टा नको. तू एकटा जातोस. बर्फावर काही झालं तर लांबून दिसायला तरी पाहिजेस."

"दिसायला हवा की नको, ते आधी सीलना विचारू या."

पण पोरीचा शब्द मोडवेना, म्हणून तो ते घालून गेला आणि हात हलवत परत आला. मासाउना हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "पिशवी चुरगाळावी तसा वाजतोस लेका!"

पिपालुक राजधानीला परतली आणि दुसऱ्या दिवशी ओदाकने मला खुंटीवरून काढले. बगलेतून वारा शिरत होता, तरी सील मिळाला. मित्रांनो, नव्या कोऱ्या जाकिटापुढे मी निवडला गेलो होतो! त्या संध्याकाळी मी अगदी फुशारून गेलो.

परतल्यावर त्याने माझे दव झटकले, मला खुंटीशी नेले आणि तो थांबला. दाराआड उजेड नव्हता. कॉफीचा वास नव्हता. बराच वेळ तो तसाच उभा राहिला. मग मला काखेत धरून आत गेला, दिवा लावला आणि मला शेगडीजवळ इनालुकच्या खुर्चीवर बसवले.

आधी मी हरखलो. मग कातडे आवळू लागले, केस सुटू लागले. ओदाकला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होते. तरी तो रोज मला आत आणू लागला. झडणाऱ्या प्रत्येक केसागणिक माझे बर्फावरचे दिवस कमी होत होते आणि मला बर्फावर जायचे होते.

एकदा मासाउना आला आणि दारातच थबकला.

"डोकं फिरलंय का तुझं? कोट शेगडीजवळ? इनालुकने तुला खुंटीला टांगलं असतं!"

"टांगलं असतं तर बरं झालं असतं," ओदाक म्हणाला.

मासाउना हळूच म्हणाला, "मला दे. माझी बायको बगल शिवेल. अजून दोन-तीन हिवाळे सहज निघतील. तू नाही तर मी घालीन, पण याला बर्फावर जाऊ दे."

ओदाकने मला उचलले आणि मासाउनाच्या मांडीवर ठेवले. "आता रस्सा घेऊनच जा," म्हणाला.

दोघे खायला बसले. ओदाकच्या वाडग्यात एक केस तरंगत होता. त्याने तो बोटाने उचलला आणि एकटक पाहत राहिला. आणि मग तो हसला. इनालुक गेल्यापासून मी त्याचे हसणे ऐकले नव्हते. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. केस त्याने आपल्या बाहीला पुसला, उठला, मला मासाउनाच्या मांडीवरून घेतले आणि परत खुर्चीवर बसवले.

"नको. मी ते नारिंगीच घालतो."

मासाउना वाडगे रिकामे करून गेला.

आता ओदाक वारा असेल तेव्हाच शिकारीला जातो, म्हणजे वाऱ्याच्या आवाजात जाकिटाची सळसळ लपते. सील कमीच मिळतात. सकाळी कुत्री भुंकतात, घसरगाडी निघते, आवाज लांब जातो, आणि मी या उबदार, रिकाम्या घरात त्याची वाट पाहत बसतो. बर्फ मला आता दिसणार नाही, हे मला कळले आहे.

मित्रांनो, कातड्याचे कपडे थंडीतच टांगावेत. शिवण जरा सुटली की लगेच शिवावी. शेगडीजवळ तर कधीच ठेवू नयेत. हे सगळे नीट ध्यानात ठेवा. पण कुणाकडे असा कोट खुर्चीवर बसलेला दिसला, तर लगेच रागावू नका. त्या घरात जेवायला किती वाडगी मांडली जातात, ते आधी पाहा.

माझे केस आता फारसे उरलेले नाहीत. जे उरले आहेत ते एकदम गळू नयेत. रोज एकच गळावा आणि तो ओदाकच्या रश्श्यात पडावा, एवढीच माझी इच्छा आहे.