धुक्यासमोरची तिकडी

"बाबा, हा वणवा घ्याच. या राक्षसासमोर तो नसेल तर जायचंच नाही, असं सगळे खेळणारे सांगतात," मुलगी म्हणाली आणि तिने मोबाइलवरच्या लाल चिलखतातल्या तलवारबाजावर बोट ठेवले.

वडिलांनी डाव्या हाताच्या तर्जनीने तो लाल वीर बाजूला सारला आणि त्याच्या जागी ढालवाला आणून उभा केला. कंदीलवाली पोर आणि म्हातारा तिरंदाज तिथे आधीपासूनच होते.

"झालं! निघाली वृद्धाश्रमाची सहल!"

खिडकीपाशी बसलेले काका हसले. "राहू दे गं. वणव्याला सारखं टोचत राहावं लागतं, आणि आमच्या बगळोबाचं बोट काही तेवढं पळत नाही. ही तिकडी कशी, सावकाश माणसाला सांभाळून घेते."

बगळा हे वडिलांचे गोदीतले नाव. क्रेनच्या उंच केबिनमध्ये मान पुढे काढून ते बसत, तेव्हा जहाजाच्या पोटातले त्यांना काहीच दिसत नसे. दिसत ते फक्त खाली इशारे करायला उभ्या असलेल्या काकांचे हात. तळहात खाली आला की ओझे उतरवायचे, मूठ मिटली की जिथल्या तिथे थांबायचे. या एका विश्वासावर दोघांची नोकरी निभावली होती.

मेंदूला झटका आला आणि वडिलांचा उजवा हात निजला. शब्दांची तर पार सरमिसळ झाली. पाणी हवे असले की तोंडातून 'खिडकी' निघे, आणि दुसऱ्याचे बोलणे अर्ध्या वाटेतच विरून जाई. यांची भाषा गेली, असे डॉक्टरांनी सांगितले. हे निदान अपुरे होते. बोलण्याची भाषा गेली होती, हे खरे. काकांच्या हातांची भाषा मात्र शाबूत होती. बोटांना व्यायाम म्हणून मुलीने हा खेळ मोबाइलवर घेऊन दिला, आणि काका रोज दुपारी समोर बसून खुणा करू लागले. तळ्यातला धुक्याचा राक्षस तेवढा अजून हरला नव्हता. आज काका आपल्या मुलाकडे कायमचे राहायला निघाले होते.

"आज याला लोळवू, म्हणजे मी सुखानं जातो," ते म्हणाले.

लढाई सुरू झाली. खिडकीच्या पडद्यातून झिरपणाऱ्या उजेडात खोली निळसर झाली होती. तळे मोबाइलमध्ये आहे की पलंगाभोवती, हे सांगणे अवघड व्हावे. राक्षस श्वास बाहेर फुंकी, तेव्हा सोडलेला बाण उलटून आपल्यावरच येई. म्हणून काकांची मूठ मिटे. श्वास संपला की तळहात खाली येई, वडिलांचे बोट टेकले जाई आणि बाण पाण्यावरून तरंगत गेल्यासारखा जाई. तिकडीतल्या कोणालाच घाई नव्हती. ढालवाला पडला. कंदील मंदावला. राक्षसाचा जीव एका बाणापुरता उरला, आणि काकांची मूठ पुन्हा मिटली.

"बाबा, मारा ना! आता मारा!"

मुलीला राहवले नाही. वडिलांच्या मनगटावरून तिचे बोट पुढे गेले आणि बाण सुटला. राक्षसाचा श्वास नुकताच संपला होता. काकांची मूठ उघडायची तेवढी राहिली होती. धुके फाटले आणि तळ्यावर सोनेरी पाकळ्यांचा वर्षाव झाला.

"जिंकलो! काका, जिंकलो!"

"छान झालं," काका म्हणाले. शेजाऱ्याचा मुलगा पास झाल्यावर म्हणावे, तसे.

वडिलांनी मोबाइल चादरीवरून तिच्याकडे सरकवला.

"तुझं."

आजारपणापासून त्यांच्या तोंडून निघालेला एकही शब्द जागेवर पडला नव्हता. हा पडला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. काका उठले आणि दाराशी जाऊन बुटात पाय घालू लागले. मुलगी मोबाइलवर तीच लढाई पुन्हा सुरू करायचे बटण शोधत राहिली. मग तिने तीच तिकडी पुन्हा तळ्याकाठी उभी केली आणि मोबाइल वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

"काका, थोडं थांबता?"

"अगं, पोरगा खाली खोळंबलाय."

"खोळंबू दे की. त्याला तुम्ही रोजच मिळणार आहात."

काकांनी वडिलांकडे पाहिले. वडिलांची तर्जनी तिरंदाजावर टेकलेली होती.

"खेळ संपला की तुझी तिकडी बरखास्त हं, बगळोबा," असे म्हणत काका एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा अशा अवस्थेत परत येऊन बसले. मुलीने आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

हॉर्न पुन्हा वाजला. कोणी उठले नाही. तळ्यावर धुके दाटत होते, आणि त्याच्यासमोर काकांची मूठ हळूहळू मिटत होती.