चार नंबरची माती

“सर, माझ्याकडची चार नंबरची माती चिकण वाटतेय,” पडद्यावरची मुलगी म्हणाली. “फीत तुटतच नाही.”

निम्मा वर्ग प्रयोगशाळेत बसला होता, निम्मा आपापल्या घरून पडद्यावर. घरच्यांना नंबर टाकलेली मातीची पाकिटं टपालाने गेली होती. माती ओली करून, मळून, अंगठ्याने पुढे सरकवत फीत काढायची. चिकणमातीची फीत लांब निघते, पोयट्याची लवकर तुटते. सर एकतीस वर्षं हेच शिकवत आले होते.

सरांनी खिशातली यादी पाहिली. चार नंबर, पोयटा. नमुने त्यांनी स्वतः शेतावरून आणले होते आणि यादीही स्वतःच हाताने चाचपून केली होती.

“पोयटा आहे तो. घरी बसून माती कळत नसते, बाई. त्याला हात मुरावा लागतो.”

वर्ग हसला. मुलीने कॅमेरा बंद केला. आजारी वडिलांना सोडून तिला वर्गात येता येत नव्हतं, हे सरांना ठाऊक होतं, तरी ते बोलून गेले.

तेवढ्यात पहिल्या बाकावरून आवाज आला, “सर, आमचीही लांबच निघतेय.”

सरांच्या कानशिलांना आग लागली. मागे मावशी परीक्षानळ्या धूत होत्या. प्रयोगशाळेतलं सगळं वरकाम त्याच बघत.

“मग पाकिटं भरताना मावशींनी अदलाबदल केली असणार,” सर म्हणाले.

मावशींनी नळ बंद केला.

तास संपून मुलं गेली, तेव्हा मावशींनी चार नंबरचा गोळा मळला, फीत काढली आणि सरांच्या बोटावर ठेवली. ती खाली लोंबत राहिली.

“कळतंय का काही?”

डोळ्यांना दिसत होतं. बोटांना मात्र काहीच कळत नव्हतं. साखरेच्या आजाराने बोटांची टोकं बधिर झाली होती. हे आपण कसं सफाईने लपवलंय, याचा सरांना थोडा अभिमानच होता.

“दोन वर्षं झाली, मला माहीत आहे,” मावशी म्हणाल्या. “तुम्ही गरम बीकर नुसत्या हाताने उचललात ना, तेव्हापासून. म्हणून तर मी डब्यांच्या झाकणांवर ठिपके काढत होते, चिकणला एक, पोयट्याला दोन. वाटलं, तुम्ही बघता आणि गप्प बसता. या वेळचे नमुने तुम्ही परस्पर आणलेत. मला विचारलं असतंत तर?”

माती ओळखताना नजर नकळत ज्यांच्यावर जायची, त्या ठिपक्यांचा अर्थ सरांना आत्ता कळला. आपला अंदाज कसा अजून अचूक आहे, म्हणून ते स्वतःवरच खूश होत आले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मावशी, मी तुमच्यावर ढकललं…”

“माझं सोडा, मी ऐकून घेतलं. ती पोर आता तोंड उघडायची नाही.”

पुढच्या तासाला सर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. पाठ करून आलेली वाक्यं ऐनवेळी पार विसरली.

“चार नंबर चिकणमाती आहे,” ते म्हणाले. “पाकिटं बरोबर होती, चूक माझी होती. माझ्या बोटांना आता माती कळत नाही. मावशींवर मी खोटा आळ घेतला. आणि घरून जिने बरोबर सांगितलं, तिला मी गप्प केलं.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं सरांना वाटून गेलं. पडद्यावरचा त्या मुलीचा काळा चौकोन तसाच काळा राहिला. मग त्यातून आवाज आला, “सर, पाच नंबर घेऊ का?”

“घे,” सर म्हणाले.

त्यांनी कॅमेरा वाकवून टेबलावरच्या मावशींच्या हातांवर रोखून ठेवला. मावशी माती मळत हळू आवाजात सांगत होत्या आणि सर ते मोठ्याने वर्गाला समजावून देत होते. त्यांचे स्वतःचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.