भिकाजीच्या तळ्यातली कोळंबी

मुलांनो, डोळे मिटा आणि एक तळं मनात आणा. देवळापुढचं गोड्या पाण्याचं नव्हे. खाडीच्या कडेचं, चिखलाच्या बांधानं वेढलेलं खारं तळं. बांधात एका जागी लाकडी फळ्यांचं दार आहे. त्याला उघाडी म्हणतात. भरतीला फळ्या उचलल्या की खाडीचं ताजं पाणी आत येतं, ओहोटीला उचलल्या की जुनं पाणी निघून जातं. दिसलं? आता त्या बांधावर दहा वर्षांची एक मुलगी बसवा. तिच्या मांडीवर पत्र्याचा डबा आहे, आणि डब्यात भिजवलेली शेंगदाण्याची पेंड. ती शेवंती. गाव मनोरी, साल एकोणीसशे शहाऐंशी.

शेवंतीचे बाबा भिकाजी जातीचे कोळी. त्यांची होडी लहान, खाडीच्या तोंडापर्यंतच जाणारी. पण मोठ्या इंजिनाच्या बोटी बाहेरचा समुद्र विंचरून काढू लागल्या, तसा खाडीत मासा येईनासा झाला. जाळ्यात चिखल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याच जास्त. मग मत्स्य खात्यातले विद्याधर नावाचे तरुण साहेब गावात आले. ते म्हणाले, "मासा नुसता धरत राहिलो तर संपणारच. शेतात भात वाढवतो तशी तळ्यात कोळंबी वाढवून बघू या."

गावानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. बांध घातला तो एकट्या भिकाजीनं, स्वतःच्या पडीक खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत. गावात अशी जमीन असलेली बाकीची सात घरं म्हणाली, आधी याचं काय होतं ते बघू.

आषाढात बी आलं. बी म्हणजे कोळंबीची पिल्लं, फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, पापणीच्या केसाएवढी. डोळे तेवढे काळे दिसायचे. साहेबांनी पिशव्या लगेच सोडू दिल्या नाहीत. अर्धा तास तळ्यात तशाच तरंगत ठेवल्या.

"का हो?" शेवंतीनं विचारलं.

"तुला झोपेतून उठवून कोणी गार पाण्यात ढकललं तर?"

"मी चावेन त्याला."

"यांना चावता येत नाही गं. बिचारी मरतात. म्हणून आधी पाण्याची ओळख करून द्यायची." मग त्यांनी उघाडीत बारीक जाळीची एक चौकट बसवली आणि भिकाजीला बजावलं, "ही चौकट कधीच काढायची नाही. पाणी आत येऊ दे, मासा येता कामा नये."

त्या दिवसापासून पेंड टाकण्याचं काम शेवंतीचं. शाळेआधी एकदा, शाळेनंतर एकदा. पाण्यावर बारीक खळबळ उठली की तिला वाटे, पिल्लांनी आपल्याला ओळखलं.

मग नारळी पौर्णिमा आली. मनोरीत जुनी रीत होती: दर्याला नारळ दिला, की त्या दिवसाच्या भरतीची वाट कुणी अडवायची नाही. खाडीत लावलेली जाळी, रोवलेले खुंटसुद्धा एका भरतीपुरते काढून ठेवायचे. नारळ देऊन भिकाजी थेट तळ्यावर आले आणि चौकट उचलू लागले.

"बाबा, साहेब काय म्हणालेले? जाळी काढायची नाय."

"साहेब शिकलेला हाय, पण आज दर्याच्या तोंडावर दार लावतात का गं? धर तिकडून."

शेवंतीनं धरलं. चौकट जड होती, तिच्या बोटांत लाकडाचं कुसळ गेलं. पाणी खळाळत आत आलं आणि त्यात सुईसारखं काहीतरी चमचमलं, पुन्हा चमचमलं. तिला वाटलं, ऊन पडलंय पाण्यावर. भरती ओसरली तशी त्यांनी चौकट परत बसवली. घरी नारळीभात होता. कुणाला काही सांगावं असं त्यात काही घडलंच नव्हतं.

दसरा झाल्यावर साहेब कोळंबी मोजायला आले. सात घरांतली माणसं बांधावर जमली. शेवंतीची आई रुक्मिणी कडेच्या दगडावर कोयतीनं कालवं फोडत बसली होती. हात कामात, लक्ष तळ्याकडे. भिकाजीनं पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, फेकली. गोल पसरली, बुडाली, वर आली. आत चार कोळंब्या. दुसऱ्यांदा दोन. तिसऱ्यांदा नुसता चिखल.

"सरकारी बी, सरकारी पीक!" शेजारचा दशरथ म्हणाला. "भिकाजी, भिंग आण रे, म्हणजे दिसतील तरी!"

हशा पिकला. भिकाजी हसले नाहीत. "बीच कच्चं होतं, साहेब."

विद्याधर साहेबांनी वही उघडली. "याच खेपेचं बी पलीकडच्या गावात दिलंय. तिथं चांगलं वाढलंय." मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "भिकाजीभाऊ, जाळी कधी काढली होती का?"

भिकाजीनं पागेतला चिखल झटकला. बांधावर सगळं गाव उभं होतं. "नाय," ते म्हणाले.

बाबा खोटं बोलतात हे शेवंतीला माहीतच नव्हतं.

"बघा," साहेब म्हणाले, "चूक कुठं झाली ते कळलं, तर पुढच्या वर्षी सुधारता येते. नाही कळलं, तर मला एवढंच लिहावं लागेल, की या पाण्यात कोळंबी जगत नाही. मग इथं पुन्हा बी येणार नाही. तुम्हालाही नाही आणि या सात घरांनाही नाही."

"नको तर नको," दशरथ म्हणाला. पण या वेळी कुणी हसलं नाही.

भिकाजीनं शेवटची पाग फेकली. ओढताना ती जड लागली. आत दीड वितीचा जिताडा होता, रुपेरी, रुंद तोंडाचा, शेपटी आपटणारा.

"घ्या! आज कालवण तरी झालं!" दशरथ ओरडला.

"कुठनं तरी उडी मारून आला असंल," भिकाजी पुटपुटले. त्यांनी मासा पोरीच्या हातात दिला. आवाज एकदम थकलेला होता. "जा बाय, घरी ठेव."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

शेवंती घराकडे चालू लागली. चार पावलं गेली. मासा तिच्या हातात वळवळत होता आणि त्याचं पोट टणक, फुगलेलं लागत होतं. मासे साफ करायला ती आईजवळ सहाव्या वर्षी शिकली होती. भरलेलं पोट हाताला कळतं. ती थांबली. बाबांकडे तिनं पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पुढं जमलं नसतं.

ती वळली, आईजवळ गेली आणि तिच्या हातातली कोयती मागून घेतली. साहेबांच्या समोरच्या सपाट दगडावर तिनं जिताडा ठेवला आणि पोट चिरलं. आतून एक कोळंबी निघाली. मग दुसरी, अर्धी विरघळलेली. मग तिसरी, मिशांसकट अख्खी. तिनं तिन्ही बोटानं सरळ करून दगडावर ओळीत मांडल्या, हात परकराला पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, लिहा. पुनवेच्या भरतीला जाळी काढली होती. चौकट मी धरली होती."