बंद करून चालू कर

आमच्या धंद्यात एकच मंत्र चालतो: बंद करून चालू करा. निम्मी गिऱ्हाइकं तेवढ्यावर गप्प होतात. ताईलाही मी फोनवरून तोच मंत्र देत राहिलो, चांगले वीस दिवस.

“अरे, पान उघडतच नाही. नुसतं गोल गोल फिरतं. फोटो चढवायला गेले की म्हणतं, वेळ संपली, पुन्हा भरा.”

“बंद करून चालू कर गं. रविवारी येतो.”

ताईला वाचनालयातल्या जागेसाठी अर्ज भरायचा होता. लग्नाआधी ती तेच काम करायची. मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात अठरा वर्षं निघून गेली. वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. तिने मला हे पहिल्याच फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही. दुकानात मला मान वर करायला फुरसत नव्हती, आणि बहीण काय, कुठे पळून जाणार होती!

भावजी तिला म्हणाले, बाहेरून भरून घे. त्यावर बाईसाहेब म्हणाल्या म्हणे, “सख्खा भाऊ कॉम्प्युटरवाला असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जाऊ?”

शनिवारी तिचा फोन आला नाही. चला, कटकट मिटली, असं वाटलं मला. लाज वाटते आता.

रविवारी गेलो. टेबलावर तिचे जुने दाखले पिन लावून तयार होते, फोटोही.

“काल पाचपर्यंतच होती रे मुदत,” ती म्हणाली. “पण कधी कधी वाढवतात म्हणे. बघ ना.”

नेट कोण खातंय ते पाहिलं. मीच! तिचा कॉम्प्युटर दिवसभर चालू असतो, म्हणून दुकानातल्या फायलींची एक प्रत तिथे ठेवायची सोय मी गेल्या वर्षी करून घेतली होती. महिन्यापूर्वी दुकानातून एक भलंमोठं फोल्डर त्यात ढकललं आणि विसरून गेलो. तेच तिच्याकडे उतरत होतं. मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि ती बिचारी माझं ऐकून रोज बंद करत होती, रोज चालू करत होती.

ते काढून टाकायला मला चार मिनिटं लागली.

“आता उघड,” मी म्हणालो.

पान क्षणात उघडलं. वर लाल अक्षरात एकच ओळ होती: अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

“अगं बाई, किती पटकन उघडलं!” ती म्हणाली. मग तिने ती ओळ वाचली. दाखले गोळा करता करता तिने विचारलं, “काय झालं होतं रे त्याला?”

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी.

“जुना झालाय गं,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली. “आम्ही दोघंही.”