आधीची आणि नंतरची

वहिनी जितकी वाळेल तितकी आपल्या जिमच्या दारात गर्दी वाढेल, असा धाकट्या दिराचा सरळ हिशेब होता. म्हणून तो रोज सकाळी वजनकाटा बगलेत मारून स्वयंपाकघरात हजर व्हायचा आणि वहिनीला गॅसजवळून हलवून काट्यावर उभी करायचा. जिम नवं होतं, आणि दारावर फोटो लावायला ‘आधी-नंतर’वाली बाई घरातच मिळाली होती, तीही फुकटात.

बारीक तर तिलाही व्हायचं होतं. तिकीटखिडकीत दिवसभर बसून ती चांगलीच गोल झाली होती. दिराने तिचं जेवण बंद केलं. सकाळी काकडीचा रस, दुपारी पावडरचा ग्लास, रात्री देवाचं नाव. चक्कर आली की म्हणायचा, चरबी निरोप घेतेय. नवरा शेजारी बसून दोघांचं जेवण एकटा संपवायचा आणि ढेकर देत “बिचारी” म्हणायचा. त्या एका शब्दावर तिने दोन महिने काढले.

फोटो लागला त्याच आठवड्यात उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की ती खिडकीतच दुमडली. रांगेतल्या माणसाला वाटलं, सुटे पैसे सांडले म्हणून शोधतेय.

वजन किती दिवसांत उतरलं ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. वाढलेलं वजन आणि बैठं काम आधीपासून होतंच, त्यावर ही उपासमार. वजन असं झपाट्याने उतरलं की पित्तात चरबी वाढते. आणि पोटात अन्नच गेलं नाही तर पित्ताची पिशवी ते पित्त तसंच धरून बसते. त्याचेच खडे झाले होते. सूज आली होती, पिशवी काढावी लागणार होती.

बाहेर नवऱ्याने भावाची गचांडी धरली. दार अर्धवट उघडं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिला या माणसाचा अभिमान वाटला.

“माझ्या बायकोच्या जिवावर उठलास तू.”

“दादा, कॉलर सोड. जिमच्या कर्जाला जामीन राहताना अट कोणी घातली? सही करतो, पण हिला चारचौघांत नेण्याजोगी करून दे, असं तूच म्हणालास ना?”

नवऱ्याने कॉलर सोडली. मग नवऱ्याचा आवाज आला, “हळू बोल. ती जागी आहे.”

तो चेहरा पाडून आत आला आणि तिचा हात धरायला वाकला. तिने हात पांघरुणात ओढून घेतला. डोळे कोरडे ठणठणीत होते.

“ऑपरेशनच्या कागदावर सही हवीय,” तो म्हणाला. “करून टाकतो मी.”

“पेन इकडे द्या,” ती म्हणाली. “तुम्ही एक करून ठेवलीत, ती पुरे झाली.”

तिने सही केली. पेन कागदातून आरपार गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं उरकलं. दिराचं जिम भरलं होतं. नवऱ्याला नेण्याजोगी बायको मिळाली होती. पोटाला टाके तेवढे तिच्या वाट्याला आले.