गाणं नसलेली हळद

आमच्या भूपेशने कॅसेट काढली. कॅसेट नाही म्हणायचं, अल्बम म्हणायचं, हे तो मला दर वेळी समजावतो. नाव काय, तर 'खांडबारा थांबा'. जॅझ फ्यूजन म्हणे. नुसती वाद्यं, आणि सगळ्यांच्या पुढे याचं अकॉर्डियन. गाणारा नाही. चुकून राहिला असंही नाही, मुद्दामच घेतला नाही.

गाणारा म्हणजे मी. ब्राह्मणपुरीत माझ्या थोरल्या भावाचा, मगनभाऊंचा, लग्नाचा बँड आहे आणि त्यात मी, योगेंद्र, गातो. भूपेश मगनभाऊंचा मुलगा. अकॉर्डियन तो आमच्याच बँडच्या गाडीवर बसून शिकला, माझ्या गाण्याला साथ देता देता. मग पुण्याला गेला, दाढी वाढवली आणि शहाणा झाला.

आता त्याच्याच लग्नाची हळद. मी घसा साफ करून, बँडचा कोट घालून हजर. तर हा म्हणतो, "काका, आज तुमी गावू नका. बठा. आपला अल्बम लावनार शे." सख्ख्या पुतण्याच्या हळदीत मला खुर्चीत बसवलं. आमच्याकडे हळदीला गाणारा गप्प बसला की तालुकाभर एकच बोभाटा होतो, याचा गळा गेला. लग्नाचा सीझन तोंडावर. उद्या मला बोलावणार कोण?

मी म्हटलं, लाव बाबा. लोकच तुझी जिरवतील.

आमच्या भागात रीत अशी की आधी अकॉर्डियन एकटं वाजतं, ती नुसती सुरुवात. तेव्हा कुणी नाचत नाही. माणसं हातात रुमाल धरून तयार उभी राहतात आणि पहिला शब्द आला की उडी घेतात. तशी सगळी उभी राहिली. अकॉर्डियन वर गेलं, खाली आलं, मध्येच कुणी सॅक्सोफोनवाला कोकलला, ड्रमवाला पायरी चुकल्यासारखा वाजवत होता. शेंडा ना बुडखा. खांडबाऱ्याच्या स्टेशनात गाडी थांबते तरी, हे कुठं थांबेचना.

"गानं कव्हय चालू व्हई रे?" मगनभाऊंनीच विचारलं.

भूपेश म्हणाला, "बाबा, हाईच गानं शे."

भाऊंनी मान डोलावली आणि रुमाल तसाच धरून उभे राहिले. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

शेवटी भूपेशची आई, आमची कौसावहिनी, हिनेच माझ्या हातात माईक दिला. "भाऊ, आते तुमीच म्हना. लोके कटाळी ग्यात."

मी उठलो. घाई केली नाही. बँडमध्ये भूपेश ओळ संपवून जरा थांबायचा, ती माझी जागा. मी तिची वाट पाहिली. ती आली आणि अकॉर्डियनच तिच्यात घुसलं. पुढची आली, तिथंही तेच. पोरगा माझ्या सगळ्या जागा ओळखून होता आणि एकही त्याने सोडली नव्हती. शब्दाला शिरायला फट नाही. सगळ्या गावासमोर मी नुसता तोंड उघडून उभा.

तेवढ्यात बायकांतून एक जण पुढं आली आणि सरळ नाचायला लागली. शब्दाची वाट न बघता, हात वर करून, डोळे मिटून. कोण ही निर्लज्ज, म्हणून मी मान वळवली. ती चेतना होती. माझी बायको. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या गाण्यावर हिचा पाय कधी हलला नाही. गावभरच्या बायका नाचायच्या आणि ही भिंतीला टेकून उभी. विचारलं की म्हणायची, माले नाचता येत नई.

तिच्यामागं बाकीच्या बायका उतरल्या, मग रुमालवाले, मग भाऊसुद्धा. माझं डोकं फिरलं. मी गर्दीत घुसलो आणि तिच्या कानाशी जाऊन खेकसलो, "तुले ते नाचता येत नई ना?"

तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तुमी गातस तव्हय येत नई," म्हणाली, आणि नाचत राहिली.